भरती दहाला, ओहोटी चारला: मियाजिमाच्या एका दिवसाचं प्रकरण

आमच्या पत्रकात सहाव्या दिवसापुढे दोनच ओळी होत्या. ‘सकाळी हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय. दुपारी मियाजिमा बेट आणि समुद्रात तरंगणारी कमान.’ शेजारी फोटो. निळं पाणी, त्यात उभी शेंदरी कमान, मागे हिरवागार डोंगर. गटातल्या चोवीस जणांपैकी निम्म्यांनी तरी तो फोटो बघूनच पैसे भरले असावेत. मी त्या गटाची टूर मॅनेजर. जपानची माझी ही चौथी खेप. आधीच्या तीन खेपांपैकी दोनदा कमानीखाली पाणी होतं आणि एकदा नव्हतं, एवढं मला आठवत होतं. एकदा का नव्हतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

प्रश्न पडला तो गटातल्या एका काकांना. आदल्या दिवशी क्योतोहून शिंकानसेन या बुलेट ट्रेनने आलो, हॉटेलात सामान टाकलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळे अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या त्या घुमटापाशी गेलो. घुमटाला लागूनच मोतोयासु नदी वाहते. तिच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत, आपल्या घाटासारख्या. पूर्वी तिथे होड्यांतून माल उतरायचा. सगळे घुमटाचे फोटो काढत होते आणि काका, वय ७४, मूळचे गुहागरचे, त्या पायऱ्यांकडे बघत होते. पाण्याच्या बऱ्याच वरपर्यंत शेवाळाची रेघ होती.

“अगो, ही नदी नव्हे, ही खाडी आहे.”

काकांचं बरोबर होतं. हिरोशिमा शहर ओता नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशावर वसलेलं आहे. शहराच्या मधोमध भरतीचं पाणी चढतं आणि उतरतं.

“उद्या हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा. उधाणाची भरती. आपण बेटावर किती वाजता?”

“अडीच.”

काकांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. कोकणात जुन्या माणसांना तो पाठ असतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. “म्हणजे अडीचला पाणी निघून चाललेलं असणार. तुझी ती कमान आम्ही चिखलात बघायची होय?”

हॉटेलवर येऊन मी तक्ता उघडला. मियाजिमाची पर्यटन संस्था वर्षभराचा भरती-ओहोटीचा तक्ता आधीच जाहीर करते. त्यात दुसऱ्या दिवशीची भरती सकाळी दहाच्या आसपास होती आणि ओहोटी दुपारी चारच्या आसपास. काकांचा हिशेब तासाभराने चुकला होता, कारण पाऊणपटीचा नियम आपल्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक बंदराला चंद्रामागून पाणी चढायला वेगळा वेळ लागतो. नियमाचा गाभा मात्र तंतोतंत खरा होता.

आता आकडे. तक्त्यात पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर असली की कमान आणि तिच्यामागचं इत्सुकुशिमाचं देऊळ तरंगल्यासारखे दिसतात. ती १००च्या खाली गेली की कमानीपर्यंत चालत जाता येतं. मधल्या वेळात यातलं काहीच धड होत नाही, कमान गुडघाभर गढूळ पाण्यात उभी असते. सेतोच्या अंतर्गत समुद्रात या भागात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. अष्टमीच्या आसपास, ज्याला कोकणात भांग म्हणतात, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा गेलात तर दोन्ही दृश्यं हुकण्याची शक्यता मोठी. आमची होती पौर्णिमा. त्या दिवशी दोन्ही टोकं गाठली जाणार होती, तीही दिवसाउजेडी. फक्त आम्ही सकाळी बेटावर असायला हवं होतं, आणि पत्रकाप्रमाणे सकाळी आम्ही संग्रहालयात असणार होतो.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. माझ्यापुढे तीन गाठी होत्या.

पहिली बसची. जपानी बस कंपनीला आदल्या रात्री वेळ बदलून मागितली तर नम्रपणे, पण ठाम नकार मिळतो. मार्ग फिरवायला ते तयार झाले, वेळ मात्र नऊ ते सातच. दुसरी जेवणाची. दुपारचं जेवण हिरोशिमा शहरातल्या भारतीय हॉटेलात साडेबाराला ठरलेलं. तेच जेवण रात्री आठला द्यायला मालक तयार झाले, हे नशीब. रात्रीच्या जेवणाचं दुसरीकडचं आगाऊ आरक्षण बुडालं आणि त्याचे पैसे कंपनीला भरावे लागले. तिसरी संग्रहालयाची. त्या हंगामात ते संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं. साडेपाचच्या प्रवेशाचं ऑनलाइन आरक्षण मिळालं. रात्री अकराला मी लॅपटॉप मिटला तेव्हा स्वतःवर बेहद्द खूश होते.

दोन गोष्टी मी केल्या नाहीत. आरक्षणाच्या त्याच पानावर आणखी एक वेळ दिसत होती, ती मी वाचली आणि सोडून दिली. आणि मी कोणालाही विचारलं नाही. गटात सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय ७१, तेहेतीस वर्षं इतिहास शिकवलेला. पहिल्याच दिवशी नारिता विमानतळावर त्यांनी मला सांगितलं होतं, “मी फक्त हिरोशिमासाठी आले आहे. बाकीचं बोनस.” हे मला माहीत होतं. तरी आठवलं नाही.

सकाळी नाश्त्याला एका काकूंनी सुंठवडा वाटला, घरून डबीत आणलेला. त्या गडबडीतच मी बदल जाहीर केला. टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच विचारलं, “संग्रहालय पूर्ण होईल ना?” मी हो म्हटलं.

नऊला निघून पावणेदहाच्या पुढे मियाजिमागुचीचा धक्का. तिथून फेरी दहा मिनिटांची. तिकीट २०० येन, त्यावर १०० येन पर्यटन कर, जो ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाला. दोन कंपन्यांच्या फेऱ्या शेजारीशेजारी सुटतात. दिवसा जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, फेरी जाताना कमानीच्या जवळून वळसा घेते, म्हणून आम्ही ती घेतली आणि मी सगळ्यांना उजव्या कठड्याशी उभं केलं. त्या दहा मिनिटांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पत्रकातला फोटो समोर उभा होता आणि चोवीस मोबाइल वर होते. एक काकू मोबाइल खाली ठेवून नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या.

कमान पाण्यात का, हे देवळाकडे चालताना सांगितलं. जुन्या काळी आख्खं बेटच देव मानलं जायचं. सामान्य माणसाने त्यावर पाय ठेवायचा नाही. होडीतून कमानीखालून यायचं आणि देवळातच उतरायचं. बेटावर जन्मही नको आणि मृत्यूही नको, असा दंडक होता. आजही तिथे स्मशान नाही. देवळाची स्थापना परंपरेने इ.स. ५९३ची सांगतात, पण आज दिसणारी मांडणी बाराव्या शतकातली, ताइरा नो कियोमोरी या सरदाराच्या काळची, ११६८ची. सध्याची कमान १८७५ची. उंची १६.६ मीटर, वजन साधारण ६० टन. मुख्य खांब कापराच्या झाडाचे. हे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. कमान आपल्याच वजनावर उभी आहे, आणि वजन पुरावं म्हणून वरच्या पोकळ आडव्या तुळईत दगड भरलेत, सुमारे ७ टन. जून २०१९मध्ये दुरुस्तीसाठी तिच्याभोवती परांची उभारली, ती डिसेंबर २०२२मध्ये पूर्ण उतरली. त्या काळात आलेल्यांनी नेमकं काय बघितलं असेल, कोण जाणे.

देवळात शिरल्यावर काका खाली बघत चालत होते. लाकडी पडवीच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी आहेत. खाली पाणी हलत होतं आणि फटीतून उजेडाचे कवडसे वर येत होते. “मुद्दाम ठेवल्यात,” काका म्हणाले. “पाणी खालून दाबलं तर फळी उचलायला नको. फटीतून वर येऊन परत जाईल.” मी तेच सांगणार होते. तरी मोठ्या वादळापुढे ही युक्तीही अपुरी पडते. १९९१च्या आणि २००४च्या वादळांनी देवळाचं बरंच नुकसान केलं होतं.

बाहेर पडल्यावर दाइगानजी हे बौद्ध मंदिर लागतं. तिथली देवी बेनझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती, चीनमार्गे जपानला पोहोचलेली. सुंठवड्याची उरलेली डबी काकूंनी तिथेच उघडली. नैवेद्य मनातल्या मनात, वाटप प्रत्यक्षात.

त्या वाटपाची खरंच गरज होती. भारतीय हॉटेल रात्रीवर गेल्याने दुपारचं काय, हा प्रश्न मी सकाळी सातला कॉन्बिनीत, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, सोडवला होता, थोडाफार. बेटावरचं प्रसिद्ध खाणं म्हणजे कालवं आणि आनागो, म्हणजे वाम माशासारखा समुद्री मासा भातावर. गटात अकरा शाकाहारी, त्यातले दोघे जैन. साध्या उदोन नूडल्सच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतोच. बेटाची खूण म्हणून सगळे घेतात ती मोमिजी मांजू, मेपलच्या पानाच्या आकाराची, आत लाल चवळीसारख्या आझुकीच्या दाण्यांचं गोड सारण. पण वरच्या केकात अंडं. म्हणून उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, आपल्या बॅगांतले मेथीचे थेपले, खाकरा, केळी. हे सगळं उघडायला आम्ही बाकांवर बसलो आणि हरणं आली.

मियाजिमाची हरणं माणसाळलेली दिसतात, पण त्यांना खायला घालायला बंदी आहे, आणि त्यामुळे ती जास्तच शोधक झालीत. कागद त्यांना फार आवडतो. एकाने शांतपणे माझ्या काखेतल्या फायलीतून एक पान ओढलं. तो गटाच्या आहाराचा तक्ता होता, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाला मधुमेह. अर्धा तक्ता त्याने माझ्यादेखत खाल्ला. बाकी अर्धा पाठ होता म्हणून निभावलं. कचरापेट्या फारशा दिसत नाहीत, त्याचंही कारण हेच. चोवीस जणांचा कचरा एका पिशवीत घालून मी दिवसभर मिरवला.

साडेबाराला गट फुटला, ठरवून. नऊ जण रोपवेने मिसेन डोंगरावर. मिसेन ५३५ मीटर. रोपवे मध्ये एकदा बदलावा लागतो आणि वर शिशीइवा स्थानकावर सोडतो. तिथून माथा अजून अर्ध्या तासाच्या चढावर. मी सांगितलं होतं, स्थानकावरून समुद्रातली बेटं बघा, माथ्याकडे जाऊ नका, पावणेतीनला कमानीपाशी. बाकीचे बाजारात. बेटावर भात वाढायच्या लाकडी चमच्यांचं, शामोजीचं, मोठं प्रस्थ आहे, बाजारात ७.७ मीटर लांबीचा एक अवाढव्य शामोजी ठेवलेला आहे. काकूमंडळाने तेवढी नाही, पण डझनभर भातवाढ्या घेतल्या.

काका कुठेच गेले नाहीत. ते बारा वाजल्यापासून दगडी दिव्यांच्या रांगेशेजारी बसून होते, पाणी उतरताना बघत. मी दोनदा जाऊन आले. एकदा ते म्हणाले, “बघ, पहिल्या तासात थोडं हलतं. तिसऱ्या-चौथ्यात धावतं.” आणि खरोखर एक ते दोनच्या दरम्यान पाणी डोळ्यांदेखत मागे सरकलं. आधी कमानीच्या पायाशी काळपट पट्टा दिसला, मग शेवाळ, मग वाळूचे उंचवटे. अडीचपर्यंत माणसं चालू लागली होती.

माझ्या मते दिवसाचं खरं फळ ही चाल होती, फोटो नव्हे. दुरून ती कमान चित्रासारखी गुळगुळीत दिसते. जवळ गेल्यावर कळतं की ते झाड आहे. खांब सरळ नाही, बुंध्याला फुगवटे आहेत, घेर दहाएक मीटर. खालचा भाग कालवांच्या कवचांनी खरबरीत झालेला. लाकडाच्या भेगांमध्ये लोक नाणी खुपसत, त्याने लाकूड बिघडतं, म्हणून आता ते करू नका असं सांगावं लागतं. आमच्यातल्या एकांनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलंच होतं. काकांनी त्यांचा हात धरला. “देवाला पैसे द्यायचे तर पेटीत. हा खांब आहे, गल्ला नव्हे.” ओल्या वाळूत एका काकूंचा बूट रुतला आणि मोजा हिरवा होऊन बाहेर आला. सकाळी ज्या पाण्यावरून फेरी वळली होती, त्याच्याजवळ आम्ही चोवीसपैकी बावीस जण उभे होतो.

उरलेले दोन म्हणजे गटातलं सगळ्यात तरुण जोडपं. स्थानकावर पोहोचल्यावर त्यांना माथ्याचा मोह पडला, आणि माथ्याखाली रेइकादो नावाच्या छोट्या देवळात जळणारा विस्तव बघायचा होता. नवव्या शतकाच्या आरंभी कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूने पेटवलेला, तेव्हापासून विझू न दिलेला, अशी त्याची ख्याती. मी रागावू शकले नाही, कारण आदल्या दिवशी बसमध्ये त्या विस्तवाची गोष्ट मीच रंगवून सांगितली होती. ते सव्वाचारला धावत आले. फेरी दर पंधराएक मिनिटांनी असते, त्यामुळे वाटलं फारसं बिघडलं नाही. पण बसचं पार्किंग, त्यात संध्याकाळची शहराकडे जाणारी गर्दी. संग्रहालयाच्या दारात आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते.

सव्वा तास. सकाळी नऊपासून पायांवर असलेली माणसं, त्यातल्या कित्येकांच्या बुटांत वाळू. संग्रहालयात आधी अंधाऱ्या खोल्या येतात, वस्तू येतात: जळालेले गणवेश, सव्वाआठला थांबलेलं घड्याळ, एका तीन वर्षांच्या मुलाची तिचाकी सायकल. सहाजण अर्ध्यातून बाहेर येऊन बाकांवर बसले. एकांना तिथे झोप लागली. ते दृश्य बघून मला शरम वाटली, त्यांच्यामुळे नव्हे. बाई सगळ्यात मागे होत्या. त्या प्रत्येक फलक पूर्ण वाचत होत्या. एका पेटीपाशी त्या बराच वेळ थांबल्या: तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा डबा, झाकण चेपलेलं, आतलं अन्न कोळसा झालेलं. बंद होण्याची सूचना सुरू झाली तेव्हा त्या तिथेच होत्या. पुढची दालनं त्यांनी बघितलीच नाहीत.

बाहेर आल्यावर त्या रागावल्या नाहीत. “कमान छान होती,” म्हणाल्या. “पण कमान बघायला मला सांगलीहून यायचं नव्हतं.”

बस सातला सुटली होती, करार तेवढाच. आम्ही ट्राममधून जेवायला गेलो. सगळे दमले होते, खूश होते, आणि मी फुलके वाढत हिशेब करत होते. कंपनीचं नुकसान एका जेवणाचं. फायदा, पत्रकातलं वचन पाळल्याचा. बाईंचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं ते सुचत नव्हतं. नंतर कार्यालयात बैठक झाली तेव्हा वरिष्ठांनी या दिवसाला ‘यशस्वी बदल’ म्हटलं. मी तसं म्हणत नाही. ही चूक सहा महिने आधी, टेबलावर बसून, पंचांग आणि तक्ता शेजारी ठेवून टाळता आली असती. आता आमच्याकडे मियाजिमाचा दिवस तिथी बघून ठरतो. भांग असेल तर पत्रकावर तो फोटो छापत नाहीत, निदान मी सोबत असेन त्या सहलीत तरी.

आणि ती आरक्षणाच्या पानावर सोडून दिलेली वेळ. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती आठवली. संग्रहालय त्या हंगामात सकाळी साडेसातला उघडत होतं. आमची ओसाकाची गाडी होती दुसऱ्या दिवशी अकराला. सगळ्या गटाला ताज्या डोळ्यांनी, न्याहारीआधी, दोन तास आरामात मिळाले असते. जोडपं कितीही उशिरा आलं असतं तरी चाललं असतं. उपाय रात्री साडेआठपासून माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी सहावा दिवस सहाव्या दिवसातच बसवायचा हट्ट धरला होता.

रात्री साडेबाराला मी पाच जणांचं आरक्षण केलं, सकाळी सहाला बाईंच्या दारावर टकटक केली. त्या आवरून बसलेल्याच होत्या. “एकटी बागेत तरी जाऊन येणार होते,” म्हणाल्या. काका आले, ते जोडपं आलं. जोडपं शांती स्मारक बागेतल्या शांतिज्योतीपाशी थबकलं. १९६४मध्ये ही ज्योत लावताना वापरलेल्या विस्तवांत मिसेनवरचाही होता, असं त्यांनी बेटावर ऐकलं होतं. दोघं ज्योतीकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. बाई सरळ डब्याच्या पेटीपाशी गेल्या, आदल्या संध्याकाळी जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे वाचायला लागल्या. पिशवीतून शंभर पानी वही काढली. मी घड्याळ बघितलं नाही.

नऊच्या सुमारास बाहेर आलो. मोतोयासुच्या पायऱ्या आता जवळजवळ पाण्याखाली होत्या, वरच्या चारच कोरड्या. काकांनी कठड्यावर हात ठेवून वाकून बघितलं.

“अजून दीड तास चढेल,” म्हणाले.